होडीतलं पाणी

चि. हेमा,

शाळेत शिकवून आलीस की आधी अंगणात जा. तुझी होडी मी अर्धी पाण्याने भरली आहे, घाबरू नकोस. "घरी केलेली होडी गळणारच, तळ्यात बुडशील," असं अशोक दौऱ्यावर जाताना तुला म्हणाला, तेव्हापासून मलाही ती शंका होती. म्हणून नवा माठ पाहतात तशी पाहिली. सकाळपासून खाली एक थेंब नाही गं! एवढ्या वजनाने होडीखालचा चाकांचा गाडाही नुसता कुरकुरला, वाकला नाही. शेजारच्या बोसबाईंना बोलावून दाखवलं. म्हटलं, हे माझ्या सुनेचे हात!

पाणी बादलीने उपसून झाडांना घाल. आमटी झाकून ठेवली आहे.

मी अशोकला आणायला हावड्याला जाते आहे. वाटेत त्याच्याशी मीच बोलेन, तू वाद घालू नकोस. रविवारच्या शर्यतीला होडीत दोन माणसं लागतात म्हणालीस ना? तो नाहीच म्हणाला, तर मी बसेन. मालवणच्या खाडीत पोहायला शिकले आहे, आणि कासोटा तर घातलेलाच असतो.

— आई