डोळे मिटून पाहिलेला सिनेमा

२ सप्टेंबर, सोमवार. जेवणानंतर.

आज ताटावर बसता बसता चिऊने तोंड उघडलं. म्हणाली, पप्पा, लग्नाबद्दल बोलायचंय. कोणाशी ते मला ठाऊक होतं. चर्चमधला तो की-बोर्डवाला. रविवारी गीतांना साथ देतो, आठवडाभर लोकांचे फ्रीज दुरुस्त करत फिरतो. हा माझा जावई? मी लगेच डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. अन्नासाठी आभार, मग आजाऱ्यांसाठी, शेजाऱ्यांसाठी, परदेशातल्या मिशनऱ्यांसाठी, मग एकेका परदेशासाठी. डोळे उघडले तेव्हा चिऊ उठून गेली होती आणि सासूबाई जेवून हात धूत होत्या. विषय मिटला.

पण एकुलती एक मुलगी. रोगाचं मूळ शोधायलाच हवं. शोधलं. तो हिंदी सिनेमा. गेल्या महिन्यात चर्चचा अख्खा तरुण संघ पाहून आला, तेव्हापासून घरात नुसती गुणगुण. सासूबाईंनी तर तीनदा पाहिला. वयाची तरी लाज! सिनेमाचं नाव इथे लिहीत नाही. फुकटची जाहिरात होईल.

निश्चय: चर्चच्या हॉलमध्ये व्याख्यान द्यायचं. 'प्रेमाचा सिनेमा आणि ख्रिस्ती घर'. चिऊ पहिल्या रांगेत बसेल. शेवटी रडेल. की-बोर्डवाला तोंड लपवत गाव सोडेल.

४ सप्टेंबर, बुधवार.

पाळकसाहेबांना भेटलो. म्हणाले, जरूर बोला, पण सिनेमा पाहिलाय ना? मी म्हटलं, गटार घाण आहे हे कळायला त्यात उतरावं लागत नाही. ते म्हणाले, उतरा. हल्लीचे पाळक असेच.

६ सप्टेंबर, शुक्रवार.

दुकान लवकर बंद केलं. इतकी वर्षं लोकांना चष्मे विकले, आज पहिल्यांदाच स्वतःच्या शोकेसमधला गॉगल लावला. थेटरात कोणी ओळखू नये म्हणून, सगळ्यात काळा. अंधारात पायरी दिसली नाही. गुडघा फुटला. धर्मासाठी फुटला.

सिनेमा कसा पाहायचा ते आधीच ठरवलं होतं. पाप असतं ते गाण्यांत. म्हणून वाद्य वाजलं रे वाजलं की डोळे गच्च मिटायचे, कानांत बोटं घालायची आणि मनात स्तोत्र म्हणायचं. गाणं संपलं की परीक्षण पुन्हा सुरू. मला मळमळतंय असं वाटून शेजारच्या बाई दोन खुर्च्या पलीकडे सरकल्या. मधेच माझा पाय हलत होता. मुंग्या आल्या होत्या. दुसरं काही नाही.

हिरो: बेकार, निर्लज्ज, आईला उलट बोलतो, केस विंचरत नाही. हिरॉइन: बापाला काही विचारत नाही. मध्यंतरापर्यंत दोघं कुत्र्या-मांजरांसारखी भांडतात, याला म्हणे विनोद म्हणायचं. वर कहर म्हणजे दोघं ख्रिस्ती दाखवलीत! आणि मध्यंतरानंतर बघतो तर काय, दोघं एका घरात. एक स्वयंपाकघर, एक टॉवेल. लग्न नाही, काही नाही. बोटांत अंगठ्या होत्या, पण अंगठ्या काय, हल्ली कुठेही मिळतात. त्यांचा पाळक त्यांच्याकडे चहाला येऊन खुशाल हसतो. तोही सामील! आणि तिचा बाप? त्या मेल्याने पलंग भेट दिला!

अंगाची लाही लाही झाली. पण बरं झालं. व्याख्यानाचा गाभा सापडला.

७ सप्टेंबर, शनिवार.

आरशासमोर भाषण करून पाहिलं. माझ्याच अंगावर काटा आला. बायकोने दारातून ऐकलं आणि विचारलं, सिनेमा नीट पाहिलात ना? असल्या प्रश्नांना मी उत्तर देत नाही.

दुपारी चिऊ दुकानात आली. म्हणाली, लग्नाच्या दिवशी दारापासून वेदीपर्यंत तुमचा हात धरून यायचंय, बाकी काही मागत नाही. मी गिऱ्हाइकाचा नंबर तपासतोय असं दाखवलं. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं.

८ सप्टेंबर, रविवार.

हॉल खचाखच. सुरुवात जोरात झाली. मग आवाज चढवून विचारलं की लग्नावाचून एका छपराखाली राहणारी ही दोघं आपल्या मुलांना काय शिकवतात? लोक एकमेकांकडे बघायला लागले. बाण लागला असं वाटून पुन्हा विचारलं. मागे खुसखुस. तेवढ्यात सासूबाई काठी टेकत उठल्या आणि भर मंडळीत म्हणाल्या, जावईबापू, त्यांचं लग्न झालंय. मध्यंतराआधीच्या गाण्यात. चर्चमध्ये, पाळकासमोर. बापाने हात धरून आणलीय तिला. मी तिन्ही वेळा रडले.

जो हशा उसळला! पाळकसाहेब रुमालात तोंड खुपसून बसले. कोणीतरी ते गाणं सुरू केलं आणि ते सगळ्यांना पाठ होतं. फक्त की-बोर्डवाला हसला नाही. न हसून दाखवणं हा हसण्याचाच उद्धट प्रकार आहे. वर त्याने मला पाणी आणून दिलं. प्यायलो नाही. नंतर प्यायलो, घसा बसला होता.

चिऊ रडली. ठरल्याप्रमाणेच. कारण मात्र वेगळं असावं.

९ सप्टेंबर, सोमवार.

चूक माझी नाही. लग्नासारखी गंभीर गोष्ट गाण्यात उरकायची हाच मुळात भ्रष्टपणा. उलट माझा मुद्दा आणखी पक्का झाला.

आज दुकानात बरीच गर्दी. चष्मा कोणालाच नको होता. माझे डोळे कसे आहेत, एवढंच विचारायला आले होते.

२२ सप्टेंबर, रविवार.

उपासनेत चिऊच्या लग्नाची सूचना वाचली. कोणाची हरकत असल्यास आत्ताच सांगावं. मी उठणारच होतो. पाळकसाहेबांनी माझ्याकडे बघत चष्मा काढला, सावकाश पुसला, पुन्हा घातला. वेळ योग्य वाटली नाही. बसून राहिलो.

घरी चिऊने पुन्हा विचारलं. म्हणाली, पाच तारखेला की-बोर्ड सुरू झाला की दाराशी या. मी वाट बघेन. मी म्हटलं, बघू.

१ ऑक्टोबर, मंगळवार.

नवा कोट शिवून घेतला. जुना आखूड झाला म्हणून. मत बदललेलं नाही. दुकान बंद केल्यावर काउंटरपासून अक्षरांच्या तक्त्यापर्यंत कोपरात हात वाकवून हळूहळू चालून पाहिलं. सहज. व्यायाम म्हणून.

४ ऑक्टोबर, शुक्रवार.

आज कळलं. चिऊ येताना नवरदेव स्वतःच वाजवणार, आणि वाजवणार काय, तर सिनेमातलं तेच लग्नाचं गाणं! प्रभूच्या घरात! तिळपापड झाला.

योजना तयार. मी पहिल्या बाकावर बसणार. गाणं सुरू झालं की निषेध म्हणून डोळे मिटणार, कान बंद करणार. माझ्यावाचून चिऊ पाऊल टाकणार नाही. लहानपणी रस्ता ओलांडताना माझं बोट इतकं घट्ट धरायची की दुखायचं. गाणं संपेल. मग मी उठेन, दाराशी जाईन आणि सगळ्यांच्या देखत, गाण्यावाचून, तिला घेऊन येईन. तत्त्वही राहील, मुलगीही राहील.

५ ऑक्टोबर, शनिवार. संध्याकाळी.

ठरल्याप्रमाणे डोळे मिटले. कानांत बोटं. स्तोत्र. मधे कोणीतरी खांद्यावर हात ठेवला. हललो नाही. मोहाला बळी पडायचं नाही असं ठरलं होतं.

पुरेसा वेळ गेल्यावर डोळे उघडले. उठलो. कोट नीट केला. दाराकडे वळलो. दारात कोणी नव्हतं.

चिऊ वेदीपाशी उभी होती. तिच्या शेजारी सासूबाई, काठी टेकून. पाळकसाहेबांनी मला बसा अशी खूण केली.

बायको सांगते, खांद्यावर हात ठेवला तो चिऊनेच. दारातून माझ्या बाकापर्यंत एकटी चालत आली आणि थांबली. बराच वेळ थांबली. तो बिचारा तेच कडवं पुन्हा पुन्हा वाजवत राहिला. शेवटी आजी उठली.

फार वाईट वाटतंय. चूक कोणाची ते लिहायला बसलो होतो. जमत नाही.

मघाशी सासूबाईंना विचारलं, चालत येताना ती कशी दिसत होती. त्या म्हणाल्या, ते गाण्यात होतं, जावईबापू.