मंगलाच्या नावावर नसलेलं रबर

मी, कुसुम लीलाधर महाजन, वय त्रेसष्ट, निवृत्त शिक्षिका, राहणार लोधीपुरा, बुऱ्हाणपूर, जिल्हा पूर्व निमाड, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. 'स्वखुशीने' हा शब्द वकिलांचा. मला कसली आलीय खुशी? पोटात गाठ आहे, इंदूरच्या डॉक्टरांनी हात टेकलेत, आणि मला मरायचं नाही. डोकं मात्र ठिकाणावर आहे आणि कोणाचं दडपण नाही, एवढं खरं.

१. राहतं घर मुलगा सुरेश यास. बँकेतली शिल्लक आणि माझ्या पाटल्या सूनबाई कमल हिला. आजारपणात तिनं माझं सगळं केलं, एकदाही तोंड वाकडं न करता.

२. पुढच्या खोलीतलं टेबल टेनिसचं टेबल. माझे यजमान कै. लीलाधर यांनी ते गिरणीच्या क्लबातून जुनं म्हणून आणलं. त्यावर मी आणि माझी धाकटी नणंद मंगला जोडीनं खेळत आलो, शाळा सुटली की पदर खोचून. ती लग्न होऊन तापीपलीकडे जैनाबादला गेली, तरी खेळायला यायचीच. सुरेश म्हणतो, "आई, हटाव ना हे टेबल, खोली फालतू अडकली." सुरेश, माझ्या जिवात जीव आहे तोवर त्याला हात लावून तर बघ! नंतर तुझी मर्जी.

३. आता खरं दुखणं. दीड वर्षापूर्वी चेंडू मोठा झाला, अडतीस मिलिमीटरचा चाळीस. ऐकायला काहीच नाही, पण मंगलाची सारी मदार फिरकीवर, आणि मोठा चेंडू तितका फिरेना. काल खेळायला लागलेल्या पोरींकडून ती हरली. बॅट आपटून म्हणाली, "हा बॉल नाही वहिनी, पेरू आहे पेरू! खेळ तूच." गेली ती परत आली नाही. मी खेळत राहिले, याचा तिला जास्त राग.

मी पुण्याहून तिच्यासाठी बॅटीवर चिकटवायचं नवं रबर मागवलं, मोठ्या चेंडूसाठीच बनवलेलं. त्याच्या खालचा स्पंज मऊ असतो, चेंडू जरा आत रुततो आणि फिरकी घेतो. निरोप धाडला. बाईसाहेबांचं उत्तर आलं, "ठेव जपून. मृत्युपत्रात लिही माझ्या नावावर." काय जीभ म्हणावी ही!

बरं, बसले लिहायला. पण रबर पाकिटात पडून पडून कडक होतं, त्याची पकड जाते. मी मरणार, मग दिवसकार्य, मग वकील. तोवर तिच्या हाती काय पडणार, चामडं? त्यात वकील म्हणतात, ज्याला काही मिळायचं आहे त्यानं साक्षीदार होऊ नये.

४. म्हणून मंगला भास्कर चौधरी हिला या मृत्युपत्राने मी काहीही देत नाही. रबरसुद्धा नाही. तिनं साक्षीदार व्हावं, तसा निरोप आजच धाडते. साक्षीदाराला माझ्यासमोर यावं लागतं, मी जिवंत असताना. रबर उशाशी आहे, ते मी माझ्या हातानं देईन.

मंगला, मला फार भीती वाटते गं. कमल गुणाची आहे, पण तिच्यासमोर रडता येत नाही. जोडीत एकीनं मारला की पुढचा चेंडू दुसरीनंच मारायचा असतो. मी मारून बसले आहे. ये.

५. दुसऱ्या साक्षीदाराची जागा तिच्याशिवाय कोणी भरू नये. रिकामी राहिली तर हा कागद चुलीत घाला.

ठिकाण: बुऱ्हाणपूर
दिनांक: १९ मार्च २००२
सही: कुसुम लीलाधर महाजन

साक्षीदार:
१. रजनी कौतिक पाटील, शेजारीण, लोधीपुरा.
२. मंगला भास्कर चौधरी, जैनाबाद. सगळं वाचून सही केली. पाकीट इथंच फोडलं. रबर पार कडक झालंय. तरी बॅटीला चिकटवलं, वहिनीला खुर्चीत बसवलं आणि खेळलो. चेंडू फिरला नाही. मी आता घरी जात नाही.