पूल राज्याचा, नदी केंद्राची

दिल्ली

प्रिय पंचशीला, सप्रेम जय भीम.

पिपांचा तराफा, दोन्ही वल्ही, काठावरचा खुंटा आणि आपल्या गावच्या नदीवर मागितलेल्या पुलाचा नकाशा, सगळं माझ्या हातचं. नकाशाची इथल्या साहेबांनी लई तारीफ केली. मग म्हणाले, "भाईसाब, पूल राज्याच्या यादीत येतो. मुंबईला जा."

मुंबईवाले म्हणाले होते, "पलीकडे तेलंगणा. दोन राज्यांमधली नदी केंद्राकडं. दिल्लीला जा." दोघंही खरंच बोलून राहिलेत, घटना मी स्वतः वाचली हाय. म्हणूनच आता पुलाची आशा उरली न्हाई.

माझं जेवण वेळेवर होतं. आपल्या लेकीला, लुंबिनीला, आठवा महिना लागला ना? पलीकडच्या दवाखान्यात नेताना आधी तराफ्याचा दोर ओढून बघ.

तुझा,
रामकिशन

ता.क. रेतीवाल्यानं रेती वाहायला फोनवर तराफा विकत मागितला. मी नाही म्हटलं. साठ हजार देत होता.