विद्वानांसाठी बारा शब्द

१८ फेब्रुवारी, राखेचा बुधवार
सकाळी चर्चमध्ये कपाळाला राख लावून घेतली. संध्याकाळी तशीच घेऊन इंग्रजीच्या वर्गात. आजचे बारा शब्द — सगळे विद्वान माणसांचे. स्कॉलर्ली, वेल-रेड, बुकिश... आम्हा फ्रेंचांची जीभ पहिल्यालाच अडखळते. मग त्या शब्दांत शेजारी बसलेल्याचं वर्णन करायचं. निवृत्त नोटरी लागारीग माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, यातला एकही शब्द फिर्मांला बसत नाही. ग्रंथालयातली धूळ मात्र थेट कपाळापर्यंत पोचली आहे!"
सगळे हसले. बाईसुद्धा.

२५ फेब्रुवारी
बाईंनी गुण वाचून दाखवले — नेहमीसारखे वरून खाली. शेवटचं नाव माझं. वीसपैकी चार.
लागारीगसाठी प्रार्थना केली. मनापासून नाही.

९ मार्च
मठाच्या ग्रंथालयात बावीस वर्षं झाडतो आहे. आता वाटाड्याची जागा निघाली आहे — परदेशी पाहुण्यांना जुनी हस्तलिखितं दाखवायची. वर्गाच्या तोंडी परीक्षेत पहिला आलो तर ती माझी. नाहीतर काहीच नाही; जूनपासून झाडायचं कामही बाहेरच्यांकडे जाणार. आमचे ग्रंथपाल फादर व्हेर्न, वय शहाऐंशी, म्हणाले, "अरे, रोज सकाळी ये. मी शिकवतो."

१७ मार्च
फादर तेच बारा शब्द रोज पहिल्यांदाच शिकवल्यासारखे शिकवतात. त्यामुळेच माझे पाठ झाले! त्यांच्या टेबलावरचं पुस्तक नाताळपासून एकाच पानावर उघडं आहे. आज हळूच म्हणाले, "ग्रंथालयाच्या संचालकांना कळू देऊ नकोस हं. इथून हलवलं तर मी मरेन."
क्रुसाची शपथ घेतली.

१ एप्रिल
परीक्षा. समोर बाई आणि आमचे संचालक. "ओळखीच्या एका विद्वानाचं वर्णन करा." फादरांनीच सांगितलेलं — पोकळ स्तुती नको, खरं बोल. बोललो. नाव घेतलं नाही. म्हातारा, बहुश्रुत, सात भाषांचा जाणकार. तीन महिने एकच पान वाचणारा. एकदाही अडखळलो नाही!
संचालकांनी पेन खाली ठेवलं. तेव्हा थांबता आलं असतं. पण बारावा शब्द उरला होता.

८ एप्रिल
वरून खाली. पहिलं नाव माझं. सतरा. लागारीग उठून हात मिळवायला आले.

१० एप्रिल
फादरांना वृद्धाश्रमात न्यायला गाडी आली. बॅग मी धरली. जिन्यावर त्यांनी विचारलं, "किती मिळाले रे?" सतरा. "शाबास! कुणाबद्दल बोललास?"
जिना संपेपर्यंत तीनदा विचारलं. तिन्ही वेळा म्हणालो, "तुम्ही ओळखत नाही, फादर."