ढगात दोघंच

४ जुलै

वच्छलाला ढगात जायचंय. काय म्हणावं आता!

नात राजनंदिनी पुण्याहून आलीय. तिनं आजीला फोनवर आंबोलीकडचं जंगल दाखवलं. घाटमाथ्यावर ढग थेट झाडांत उतरतात म्हणे. खोडांवर हिरवं शेवाळ, झाडावर बेडकं. तिथं एका बाईचं घर आहे, पाव्हणे ठेवते. जंगलाला त्रास न देता राहायचं, असं ते पर्यटन. ही बघत बसली. गॅसवरचं दूध उतू गेलं तरी बघतेच आहे.

मी म्हणालो, पाऊस बघायला इतक्या लांब? आपल्याकडं पडंल की कधीतरी. तर म्हणाली, "आपल्याकडं ढग येतो, तोंड दावतो आन जातो. तितं ऱ्हातो."

यंदा गावचं सरपंचपद महिलेला सुटलंय. याआधी मी होतो, आता हिला उभं करायचं ठरलंय. ठरलंय म्हणजे मी आणि माझ्या माणसांनी ठरवलंय. हिनं अजून हो म्हटलेलं नाही. आज अट घातली — "आदी तितं न्या. आपण दोघंच. मंग फॉर्मचं बघू."

ठीक. ढगच तर दाखवायचाय.

६ जुलै

त्या जंगलातल्या बाईला फोन केला. एकेक नियम ऐकून डोकं गरम झालं. एसटीतून उतरायचं आणि खाली चालत जायचं. प्लॅस्टिकची बाटली आणायची नाही. गाणी लावायची नाहीत. जे शिजेल ते खायचं. आणि ताट ज्याचं त्यानं धुवायचं!

म्हणालो, "बाई, मी माजी सरपंच आहे."

"असू दे हां काका. साबण आम्ही देऊ."

खाली फोनही लागत नाही. ती स्वतः फोनला वर रस्त्यावर येते. निवडणूक तोंडावर, आणि मी बिनफोनाचा? शक्यच नाही. तसं हिला सांगितलं. ही खूश झाली. "फोन लागत न्हाई? मंग तितंच जायचं."

७ जुलै

बंकटच्या कानावर घातलं. तिथंच चुकलं.

८ जुलै

सकाळपासून ओट्यावर माणसं. बंकट माझा उजवा हात, पण त्याच्या पोटात काही राहत नाही. "आबा, तुमी एकलेच कसं जाता? सोबत नको का?"

"ही हाय की सोबत."

"वहिनी तर घरच्याच की."

सगळे हसले. मीही हसलो. नाही म्हणता आलं नाही. मला कधीच येत नाही — दारात आलेल्या माणसाला नाही म्हणायचं नसतं, राजकारणात पहिलं हेच शिकलो. दुपारपर्यंत जीपा ठरल्या, आचारी ठरला, पातेली कुणाकडून आणायची तेही ठरलं. एकानं पाण्याचे जार भरून घ्यायचं काढलं. जिथं रात्रंदिवस पाऊस पडतो तिथं आमची माणसं पाणी घेऊन निघालीत! पण त्यांना तरी काय म्हणू? दुष्काळी भागातली माणसं, पाण्याशिवाय घरच सोडत नाहीत.

ही दाराआड उभी राहून सगळं ऐकत होती. मग चहा पाठवला. सगळ्यांना पुरला.

९ जुलै

त्या बाईला म्हणालो, अजून खोल्या बघा. म्हणाली, "खोल्या दोनच. एवढी माणसं आली तर बेडूक गप्प होतात हो काका."

मी सवयीनं बोलून गेलो — वरून कुणाचा तरी फोन येईल तुम्हाला.

"येऊ दे की. खाली लागला तर बोलेन."

बाई खमकी आहे. राग आला, पण फोन ठेवल्यावर हसूही आलं.

१० जुलै

राजनंदिनी परत गेली. जाताना पाया पडली आणि म्हणाली, "आबा, आजीला तिकडे यांचा स्वयंपाक करायला नेताय का?" अरे, आचारी घेतलाय की, म्हणालो. मान हलवून गाडीत बसली.

दुपारी ही समोर येऊन उभी राहिली. "मला न्हाई जायचं. आन तो फॉर्मबी न्हाई."

"कावून? आता काय झालं?"

"लगीन झाल्यापसून तुमच्यासंगं एकदा जेवले न्हाई मी. तुमी भाईर मान्सांत. मी आत, समदे उठल्यावर. वाटलं, तितं तरी दोघं बसू. तर तितंबी पंगतच."

मी म्हणालो, मग बस की, कोण अडवतंय तुला? बोललो आणि कळलं की हे बोलायला नको होतं. ही आत गेली. भांड्यांचा आवाजसुद्धा केला नाही. आदळली असती तर बरं वाटलं असतं.

११ जुलै

अबोला. जेवण वेळेवर. मीठही बरोबर.

१२ जुलै

बंकटनं चौकात बॅनर लावलं. 'सरपंचपदाच्या सक्षम उमेदवार सौ. वच्छलाबाई.' आणि वर फोटो माझा. हात जोडलेला, गळ्यात हार, पुरुषभर उंच. हिचा कुठंच नाही.

"अरे, उमेदवार ती हाय ना बे?"

"वहिनींचा फोटोच घावला न्हाई आबा. आन मत तर लोक तुमालाच देणार."

घरी येऊन मी स्वतः शोधला. लग्नातले, सत्काराचे, देवळाच्या कलशाचे — गठ्ठाच्या गठ्ठा. प्रत्येकात मी मधोमध. ही कुठं खांबाआड, कुठं हातात ताट, कुठं नुसता पदर. तोंड नीट दिसेल असा एक सापडेना. पलंगावर फोटो पसरून मी तसाच बसलो. लई वाईट वाटलं. रडू आलं, खोटं कशाला लिहू.

ही गिरणीवरून दळण घेऊन आली. येताना चौकातून आली असणार. म्हणाली, "चांगला आलाय फोटू." आणि हसली. दोन दिवसांनी पहिल्यांदा बोलली ते हे.

तसाच उठून चौकात गेलो. बॅनर उतरवायला लावलं. बंकटला म्हणालो, जीपा बंद, आचारी बंद, आम्ही दोघंच जाणार.

"आबा, लोक नाराज होतील."

"होऊ दे."

"आवो, पण लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे की! बायको घेऊन पळाला म्हणतील."

तो रुसला. दारच्या माणसाला मी पहिल्यांदाच नाही म्हणालो.

१३ जुलै

ओट्यावर कुणी नाही. पेपर पूर्ण वाचून झाला. विचित्र वाटतं.

१४ जुलै

घरात लगीनघाई. बाटली नेता येत नाही, म्हणून हिनं माळ्यावरचा फिरकीचा तांब्या काढला आणि चिंच लावून असा घासला की तोंड दिसावं. दशम्या, शेंगदाण्याची चटणी. मी चौसाळ्याहून हिला बूट आणले. आयुष्यात पहिल्यांदा बूट. घालून अंगणात फेऱ्या मारल्या, लंगडी गाय चालते तशी. शेजारणी बघायला आल्या. ही लाजली, पण काढले नाहीत.

मी भीती घातली — तिकडं जळवा लागतात म्हणे अंगाला.

"लागू द्या. गावच्या जळवांपरीस बऱ्या."

परवा निघायचं. बीडहून कोल्हापूर, तिथं मुक्काम, मग सावंतवाडीची एसटी. बंकट आला होता. अजून घुश्शात आहे, पण स्टॅण्डवर सोडतो म्हणाला.

१७ जुलै

पोचलो. खालपर्यंत वाट निसरडी. ही माझा हात धरून उतरली. गावात कधी धरला नसता.

आणि ढग! म्हणजे खरंच आला. झाडं होती, नाहीशी झाली, परत आली. पडवीत बसलो तर अंगावरून गेला. ही हात पुढं करून बसली होती. तळवा ओला झाला तो मला दाखवला. डोळे भरले होते तिचे.

मग जेवायला दोघंच. समोरासमोर. आणि मला बोलायलाच सुचेना. हजार माणसांसमोर माईकवर उभा राहतो मी, आणि इथं भात कालवत बसलो. शेवटी विचारलं, तुला कढी आवडते का गं? "न्हाई," म्हणाली, "कदीच न्हाई आवडली." आमच्या घरी कढी दिवसाआड होते.

ताट धुतलं. ही बाजूला उभी राहून बघत होती. मग स्वतःचंही माझ्यापुढं सरकवलं. तेही धुतलं.

१८ जुलै

सकाळी पडवीत ही म्हणाली, "फॉर्म भरते. पण कचेरीत मी एकलीच जानार. खुर्चीवर मी बसनार, सह्या वाचून करनार. तुमी संगं यायचं न्हाई. घरी थांबायचं आन आल्या-गेल्याला च्या करायचा."

म्हणालो, मला चहा येत नाही.

"शिका."

आणि आत त्या बाईच्या चुलीपाशी हिनंच मला जागा करून दिली.