हरिदासच्या कानाचं माप

६ जानेवारी २०२५, सोमवार. सेलू

लीलाबाईचा गुडघा कसा? शेकला, बरा आहे. पुण्याला मुकेशचा खोकला? गेला म्हणतो. पण फोनवर बोलता बोलता दोनदा खोकला — बापाला कळत नाही होय! माझी साखर? गोळी घेतली, तपासली नाही. आणि हरिदास? त्याचंच लिहायला बसलो आहे.

काल अल्लीपूरला जाऊन आलो. वर्ध्याला बस बदलावी लागते, अर्धा दिवस जातो. हरिदास माझा शाळेपासूनचा सोबती. चाळीस वर्षं पिठाची चक्की चालवली, त्या घरघरीत कान गेले. ते जुनं झालं. पण दिवाळीपासून त्याचं बोलणंच बंद आहे! भिंतीकडे तोंड करून बसतो. मी तासभर ओरडून ओरडून विचारलं — जेवण जातं का, झोप लागते का, कापूस किती निघाला. एक शब्द नाही. नुसतं पाहतो.

त्याची बायको शोभाबाई फाटकापर्यंत आली. "भाऊजी, ऐकू येत नाई ते समजते. पण बोलाले काय झालं? भाजी वाढू का म्हटलं तं हात हालवते. असा माणूस आतल्या आत वाळून जाईन ना."

कानातलं मशीन आणलं होतं. दोन दिवस लावलं, मग डबीत टाकलं. कानात किडा वळवळतो, असं खुणेनं सांगितलं म्हणे.

बसमध्ये डोक्यात आलं — माझ्याकडे तो काचेच्या व्हॉल्व्हचा हेडफोन-ॲम्प्लिफायर, आवाज वाढवायचं खोकं, पडला आहे. मुकेशने मागच्या वर्षी पाठवलेला. "बाबा, तुम्हाला जुन्या रेडिओची आठवण येईल." त्याला माइक जोडला, हरिदासच्या कानाप्रमाणे बदलून घेतला, तर? कान झाकणारा मोठा हेडफोन — किडा वळवळायचा प्रश्नच नाही.

७ जानेवारी

खोलला. मुठीएवढं खोकं, आत एकच व्हॉल्व्ह, बाकी सगळे मुंगीएवढे भाग. पस्तीस वर्षं रेडिओ दुरुस्त केले, शाळा सातवी. जे शिकलो ते झटके खाऊन आणि बोटं पोळून. हे खोकं तर बारा व्होल्टांचं, गरीब गाय.

ग्रीडच्या पिनेला, आवाज आत शिरतो तिथं, ओलं बोट लावलं — घूंऽऽ! जिवंत आहे.

९ जानेवारी

बोट काढलं तरी घूं जातच नाही. व्हॉल्व्ह तापवणारी आतली तार, फिलामेंट, तिची घरघर. वेगळा सप्लाय करून दिला, स्वच्छ डीसी. आता शांत. लीला म्हणाली, "झालं ना? उचला मंग ते ओट्यावरून, मले भाकरी कराची हाय."

झालं कुठं! आत्ता कुठं सुरुवात.

११ जानेवारी, शनिवार

सोबत आलेला व्हॉल्व्ह टिचकी मारली की घंटेसारखा वाजतो. हरिदासचा हात लागला तर त्याला वाटेल देऊळ आलं. जुन्या पेटीत शोधलं. एका लग्नाच्या भोंग्याच्या ॲम्प्लिफायरमधून काढून ठेवलेला व्हॉल्व्ह सापडला. नंबर जुळला, पिना जुळल्या. फक्त काळा पडला होता, पिना ब्लेडने खरवडल्या.

लावला. टिचकी मारली. गप्प! आवाजही भरीव झाला. त्या भोंग्यानं किती नवरे बोहल्यावर चढवले असतील.

१४ जानेवारी, संक्रांत

तीळगूळ खाल्ला. मशीनला हात लावला नाही. हात लावायचा नाही असं लीलाशी ठरलं होतं. (स्क्रू-ड्रायव्हर खिशातच होता.)

शोभाबाईचा फोन. हरिदासच्या हातावर तीळगूळ ठेवला तर नातवाला देऊन टाकला. बोलला नाही.

१६ जानेवारी

आज मोठं काम. हरिदासचा डावा कान जास्त गेलेला — चक्कीचा पट्टा त्याच्या डाव्या अंगाला असायचा. म्हणून दोन कानांना दोन वेगळे व्हॉल्यूम केले. बटणं जुन्या रेडिओची, मोठी, बोटांना सापडतील अशी. पुढे छोटा माइक, लांब वायर. समोरच्यानं माइक धरून बोलायचं, हरिदासनं ऐकायचं.

चक्कीवाल्याचे आधी बारीक आवाज जातात. स, श, च, ट. माणूस बोलतो ते कळतं, काय बोलतो ते कळत नाही. तेव्हा खर्ज कापायचा आणि बारीक आवाज पुढे आणायचे. कॅथोडचा मोठा कंडेन्सर काढला, लहान घातला.

१७ जानेवारी

लीलाला माइक दिला, वर्तमानपत्र वाचायला लावलं. मी हेडफोन घालून बसलो.

लीला हल्ली तोंडातल्या तोंडात बोलते. "शेतकरी" म्हणाली की "येतकरी", कळेना. कंडेन्सर आणखी लहान केला. थोडं उघडलं. आणखी लहान. आता कसं! श म्हणजे श!

कौतुकानं तिच्या कानाला लावून मीच बोललो. तिनं ओढूनच काढला. "अगं माय! सुया टोचून राह्यल्या कानात."

"तुला सवय नाही," म्हटलं.

"सवय सुयांची कराची का?"

बाईमाणसाला मशीन पसंत पडत नाही. पाटा-वरवंट्याच्या जागी मिक्सर आला तेव्हाही अशीच बोलली होती.

२१ जानेवारी, मंगळवार. अल्लीपूर करून आलो.

लिहावंसं वाटत नाही. पण लिहितो.

हरिदास अंगणात खाटेवर. खोकं स्टुलावर ठेवलं, व्हॉल्व्ह तापू दिला. त्याला लाल उजेड दाखवला तर वाकून पाहिला. बरं वाटलं. हेडफोन त्याच्या डोक्यावर चढवला. दोन्ही बटणं अर्ध्यावर. मी माइक तोंडाशी धरला आणि म्हणालो, "हरिदास! ओळखलं का आवाज?"

त्याचं तोंड वेडंवाकडं झालं. दोन्ही हातांनी हेडफोन काढला आणि मांडीवर ठेवला. मी बटण कमी केलं, पुन्हा चढवला. पुन्हा काढला. तिसऱ्यांदा माझा हातच धरला. जोरात नाही. पण धरला.

शोभाबाई म्हणाली, "राहू द्या, भाऊजी. चहा घ्या."

पंधरा दिवसांची मेहनत! खोकं तिथंच ठेवून आलो. परत आणण्याची इच्छाच नव्हती. बसमध्ये खिडकीशी बसलो. सगळीकडे तूर कापलेली. कोणाशी बोललो नाही. मग वाटलं — असंच होतं का त्याचं?

२२ जानेवारी

काही नाही. साखर तपासली. जास्त.

२४ जानेवारी, शुक्रवार

सकाळी खुर्चीवर पेपर वाचत होतो. पान उलटलं, वर पाहिलं, तर लीला अगदी खांद्याशी उभी. दचकलो!

"कधी आलीस?"

"पाच मिनिटं झाले. तुमच्या कानामागं बांगड्या वाजवून राह्यली. हे पाहा." दोन्ही हात माझ्यासमोर आणून हलवले. डझनभर काचेच्या बांगड्या हलल्या. दिसल्या.

दिसल्याच फक्त.

"किती दिवसांपासून?" मी विचारलं.

"दोन वर्षं तं झाले. कुकरची शिट्टी तुमाले कधी समजते सांगा बरं. मीच उठतो ना गुडघा धरून!"

"मग सांगितलं का नाही?"

"सांगतलं ना. तुमी म्हणे, तू तोंडातल्या तोंडात बोलते."

पेपर मिटला. ती बसली, बाजूच्या पायरीवर. मग हसायला लागली. मलाही आलं हसू. काय करणार!

म्हणजे सगळं उघडंच आहे. मशीन हरिदाससाठी बनवलं आणि माप घेतलं माझ्या कानाचं. मला श ऐकू येईपर्यंत वाढवत नेलं. गेलेल्या कानाला हळू ऐकू येत नाही, पण एकदम मोठं सोसतही नाही; त्याच्या कानात तो श नव्हता, तापलेला खिळा होता. पस्तीस वर्षं लोकांचे रेडिओ कानानंच तपासून दिले. आधी मीटर लावावा, मग कानावर भरवसा ठेवावा — हे मीच तर शिकाऊ मुलांना सांगायचो.

२५ जानेवारी

शोभाबाईला फोन केला. चूक सांगितली. खोकं आणायला सोमवारी येतो म्हटलं. ती म्हणाली, "येऊ नका." मला धक्काच बसला. मग म्हणाली, "बसवाल्याजवळ धाडतो. आणि भाऊजी, जरा हळू बोला. मी फोन हातभर दूर धरला हाय."

३० जानेवारी

खोकं आलं नाही. फोन केला नाही. कसा करू, हळू बोलणं म्हणजे किती, तेच मला समजत नाही.

मुकेश म्हणतो, पुण्याला या, कान दाखवू. जाईन.

४ फेब्रुवारी, मंगळवार

खोकं आलं. वर सुतळी, सुतळीखाली चक्कीच्या जुन्या बिलबुकातला कागद. हरिदासचं अक्षर! मोठं मोठं. जसंच्या तसं उतरवतो —

"वासुदेवा, तुह्या मशीनीनं कान चिरला. बारीक आवाज अर्धा कमी करजो. पण माइक काढू नको. तू गेल्यावर दुसऱ्या दिवशी घरी कोणी नव्हतं. मी बटण कमी केलं, हेडफोन घातला, माइक तोंडाशी धरला आन् माह्यं नाव घेतलं. दिवाळीत पंगतीत मी पाणी मागतलं, इतक्या जोरात का सारे हासले. मलेच माहा आवाज समजत नव्हता, म्हणून बंद केला होता. आता हेडफोनात माहा आवाज आयकून, मोजून बोलतो. शोभा रडली, मंग भांडली. आता रोज भांडते. लवकर दुरुस्त करून धाड. संगं दोन ओळी लिही. तू बोलू नको, तू लय ओरडते. लिहूनच जवाब दे, लवकर."