झाडाला कान फुटले

प्रिय शेंडेफळ,

पत्र बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून लिहितेय. शाळेतल्या सिस्टर म्हणायच्या, राग आला की लिहून काढ, निदान अक्षर तरी सुधारेल. सुधारलेलं नाही, दिसतंच आहे.

फाटकाजवळच्या झाडाच्या खोडाला बुरशी आलीय. तपकिरी, लाकडासारखी कडक, अर्ध्या बशा एकावर एक चिकटवाव्यात तशी. तुझे भावोजी ती बघून आले नि म्हणाले, झाडाला कान फुटलेत. मी हसले. यांच्या कोट्यांना हसायची सवयच झालीय. दुसऱ्या दिवशी तेच, तितक्याच उत्साहाने. मग रोजच. शिळ्या विनोदाला किती ऊत आणाल, असं मी फटकारलं, तर कुठला विनोद, म्हणून माझ्याकडेच बघत राहिले. शेवटी वैतागून मी ते कान सुरीने छाटून टाकले. मेले पुन्हा आले.

झाडं तोडणाऱ्याला बोलावलं. त्याने खोड ठोकून पाहिलं. म्हणे बुरशी आत कधीचीच पसरलीय, तोडा, नाहीतर वाऱ्यात घरावर येईल. पानं तर इतकी तुकतुकीत! दुसऱ्याला बोलावलं, तर तो म्हणतो, पोकळ झाडंही वर्षानुवर्षं उभी राहतात. आता खरं कोणाचं धरायचं?

काल सकाळी हे फिरून आले आणि बेल वाजवली. खिशात किल्ली असताना बेल कशाला, म्हणून मी करवादतच दार उघडलं. दारात अदबीने उभे. म्हणाले, "बाई, तुमच्या झाडाला कान फुटलेत. घरात सांगा कोणाला तरी."

इतक्या वर्षांत 'ए' शिवाय हाक नाही, आणि आता बाई, तुमच्या. थट्टाच वाटली. ओरडायला तोंड उघडलं, पण 'सांगते, आत या' एवढंच बाहेर पडलं. पाहुण्यासारखे खुर्चीच्या कडेवर बसले, चहा घेतला, आभार मानले. आणि दुपारी पुन्हा 'ए, भाजी अळणी झालीय'. भाजी अळणी नव्हती गं. की होती? मला काहीच कळेनासं झालंय.

बेल वाजली की दार उघडायला पाय उचलत नाही. तू ये. तुला ओळखतात का बघू. मला विसरून तुला ओळखलं, तर दोघांचीही खरडपट्टी काढीन. पण ये.

तुझीच खाष्ट,
ताई